चांदबीबीच्या महालात कबर कुणाची?

"मामा, हा राणीचा महाल आहे ना? मग राणी झोपायची कुठे? आणि मोरी कुठेय?"

माझी भाची नऊ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत ती नगरला आली की एक पहाट चांदबीबी महालासाठी ठरलेली असते. त्या दिवशीही आम्ही अंधारातच पाथर्डी रस्त्याला लागलो, घाट चढून वर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. ती पळत आत गेली, भिंतींना हात लावत एक गोल फेरी मारली, वर घुमटाकडे बघून "ओ" म्हणून हाळी दिली. घुमटाने तिचा आवाज दोनदा परत केला. मग ती बाहेर आली आणि चौथऱ्यावर उभी राहून तिने मला हे विचारलं.

मी नगरचाच. लहानपणी आजीने मला हा महाल दाखवला तो "चांदबीबी इथं उन्हाळ्यात हवा खायला यायची, आणि किल्ल्यातून इथवर भुयार आहे" असं सांगून. मीही पुढे अनेकांना तेच सांगत आलो. खोलीत चूल नाही, मोरी नाही, पाण्याची सोय नाही, हे इतक्या वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं. मुलीला दहा मिनिटांत दिसलं. शहर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे, पण त्या डोंगरावरच्या इमारतीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे, आणि ते तिचं खरं नाव नाही. असं का झालं, हे मी त्या दिवसापासून नीट लावून बघतो आहे. ते इथे मांडतो.

इमारत स्वतः काय सांगते

शहराच्या पूर्वेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर, गर्भगिरीच्या रांगेतल्या शाह डोंगराच्या माथ्यावर ही इमारत उभी आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून जास्त उंची. काळ्या पाषाणाची, अष्टकोनी, तीन मजल्यांची, वर घुमट. भोवती रुंद दगडी चौथरा. प्रत्येक बाजूला एकावर एक कमानी. जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाला मागे सरावं लागतं. नक्षीकाम जवळजवळ नाही. जे आहे ते प्रमाणात आहे: कमानीची रुंदी, मजल्याची उंची, घुमटाचा बाक. सकाळचं ऊन तिरपं पडलं की प्रत्येक कमानीच्या आत दुसरी कमान सावलीची दिसते.

आणि चौथऱ्याखाली तळघर आहे. तळघरात कबरी आहेत.

इथेच खरं तर प्रश्न संपतो. अष्टकोनी चौथरा, वर घुमट, खाली तळघरात थडगी: दख्खनच्या सुलतानांच्या काळात ही मकबऱ्याची बांधणी आहे. महाल असता तर जनानखाना असता, हौद असता, नोकरचाकरांच्या खोल्या असत्या, घोडे बांधायला जागा असती. शेजारीच नगरमध्ये फराह बाग आहे, ती बघितली की फरक लगेच कळतो. फराह बाग चारी बाजूंनी पाण्यात उभी केलेली, मधे मोठं दालन, बसायला-उठायला, ऐकायला-बघायला बांधलेली. शाह डोंगरावरची इमारत माणसाने कायमचं पडून राहावं म्हणून बांधलेली.

हा मकबरा दुसऱ्या सलाबत खानाचा. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर. त्याने तो स्वतःच्या हयातीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वतःसाठी बांधून घेतला. पुरातत्त्व खात्याकडेही ही वास्तू सलाबत खानाचा मकबरा म्हणूनच संरक्षित आहे. तरी रिक्षावाल्याला "सलाबत खानाच्या मकबऱ्याला यायचंय" म्हणा, तो तुमच्याकडे बघत राहील.

ज्याचं नाव पुसलं गेलं तो माणूस

मुर्तजा निजामशहा १५६५ ते १५८८ गादीवर होता. लोक त्याला मागे 'दिवाना' म्हणत. राज्याची पुढची बरीच वर्षं तो महालाबाहेर पडला नाही, कुणाला तोंड दाखवलं नाही, आणि कारभार वजिरांनी ओढला. त्यात सलाबत खानाचं नाव मोठं. फरिश्ता हा इतिहासकार त्या काळात नगरच्याच दरबारात नोकरीला होता, त्यामुळे त्याने लिहिलेलं ऐकीव नाही. त्याने सलाबत खानाच्या कारभाराची तारीफ केली आहे: चोरदरोडेखोर मोडून काढले, व्यापारी निर्धास्त रस्त्याने जाऊ लागले.

फरिश्त्याने सांगितलेला एक प्रसंग मला या माणसाबद्दल बाकी सगळ्यापेक्षा जास्त सांगून जातो. मुर्तजाची एक लाडकी कलावंतीण होती. तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरच्या रामरायाच्या खजिन्यातले दोन हार नगरच्या जामदारखान्यात आले होते. ते तिने मागितले, सुलतानाने द्यायला सांगितले. सलाबत खानाने राज्याची दौलत अशी जाऊ नये म्हणून खरे हार लपवले आणि तिला दुसरे दिले. ते उघडकीला आलं. सुलतान संतापला, सगळे दागिने समोर मांडून घेतले आणि आगीत टाकले.

पुढे वजिरावर मर्जी पूर्ण उतरली. सुलतानाने तोंडावर सुनावलं, तेव्हा सलाबत खानाने विचारलं की कोणत्या किल्ल्यात कैदेत जाऊ ते सांगा. दंडा-राजपुरी हे नाव आलं. सैन्य त्याच्या बाजूचं, माणसं त्याला अडवत होती, नकार द्या म्हणत होती. त्याने स्वतःच बेड्या घालून घेतल्या, पालखीत बसला आणि न्या म्हणाला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्या हातात फौज होती, ज्याच्या एका शब्दावर राज्य उलटलं असतं, तो आपल्या वेड्या धन्याचा हुकूम ऐकून कोकणात कैदेत गेला. पुढे त्या धन्याचा त्याच्याच मुलाने जीव घेतला, दरबारात कत्तली झाल्या. सलाबत खान म्हातारपणी सुटून परत आला, पुन्हा एकदा लढला, हरला, आणि १५८९ च्या सुमारास वारला. मग या डोंगरावर, आधीच बांधून ठेवलेल्या जागी, आला.

आणि पाणी. नगरच्या आसपास भातोडीचा तलाव आहे, मेहेकरी नदीवरचा. तो सलाबत खानाने बांधवला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्याची दुरुस्ती करून त्यावर कालवे काढले, म्हणजे तीनशे वर्षांनीही ती जागा आणि ती बांधाची कल्पना बरोबर होती. १६२४ साली मलिक अंबरने याच भातोडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेला हरवलं. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, मग रात्रीचे छापे घातले. त्याच लढाईत शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी पडले. शरीफजी आणि शहाजी ही नावं मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवली होती. म्हणजे ज्या वजिराचं नाव आज गावाला माहीत नाही त्याने अडवलेल्या पाण्याच्या काठी मराठ्यांच्या इतिहासातलं एक मोठं पान लिहिलं गेलं.

मग नाव चांदबीबीकडे कसं गेलं

तारखा लावून बघितल्या तर चांदबीबीचा या इमारतीशी संबंध लागत नाही. ती हुसेन निजामशहाची मुलगी, मुर्तजाची बहीण. तालिकोटच्या आधी झालेल्या सोयरिकीत ती विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला. १५८० साली अलीचा खून झाला, आणि नऊ-दहा वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाची पालक म्हणून ती विजापूरच्या राजकारणात ओढली गेली. तिथल्या एका सरदाराने तिला सातारच्या किल्ल्यावर कैदेतही टाकलं होतं. नगरमध्ये सलाबत खान कारभार बघत होता त्या वर्षांत ती बहुतेक विजापुरात होती. डोंगरावर उन्हाळी महाल बांधून घ्यायला तिला ना वेळ होता, ना जागा.

पण तारखांनी लोकांची आठवण चालत नाही. नगरला चांदबीबी आठवते ती १५९५-९६ ची. डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला, किल्ल्याला वेढा पडला. गादीवर बसवायचा होता तो बहादूर, अगदी लहान मूल. दरबारी चार तटांत फुटलेले. मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदले, आतल्यांनी त्यातले काही शोधून दारू काढून घेतली, पण एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. लोक पळायला लागले. तेव्हा चांदबीबी डोक्यावरून बुरखा घेऊन, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले, आणि रात्रभर उभी राहून तिने तट पुन्हा वर आणला. सकाळी मोगलांनी बघितलं तर भिंत होती. वऱ्हाड देऊन तह झाला, किल्ला वाचला.

गोळे संपले तेव्हा तिने तोफांत तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली, शेवटी अंगावरचे दागिने. ही गोष्ट नगरमध्ये प्रत्येक पोराला माहीत असते. मी ती आजीकडून ऐकली, आजीने तिच्या आईकडून. ती घडली की नाही हे मला सांगता येणार नाही; पण ज्या शहराने ती जपली त्याच्या मनात त्या बाईची किंमत काय होती हे तिच्यातून कळतं.

१६०० साली पुन्हा वेढा पडला. मोगलांशी बोलणी करून बहादूरला वाचवावं, असं तिला वाटलं. हमीद खान नावाच्या सरदाराने रस्त्यावर ओरड केली की राणी किल्ला मोगलांना देते आहे. जमाव तिच्या महालात घुसला आणि ज्या माणसांसाठी ती खिंडारात उभी राहिली होती त्यांनीच तिला मारलं. थोड्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. लोकांत याचीही दुसरी गोष्ट आहे: ती शत्रूच्या हाती न लागता तेजाबाच्या विहिरीत उडी घालून गेली. मला नेहमी वाटतं की ही गोष्ट शहराने स्वतःला सांगितलेली आहे. आपल्याच पूर्वजांनी तिला मारलं हे सांगणं जड जातं. तिने स्वतः उडी घेतली हे सांगणं सोपं.

आणि इथेच माझ्या मते शाह डोंगराचं उत्तर आहे. नगरकराने चांदबीबीला भेटायचं कुठे? ती लढली तो किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, पूर्वीही राज्यकर्त्यांच्याच ताब्यात होता. सहज उठून गेलं आणि तटावर बसलं असं तिथे होत नाही. आणि इकडे पूर्वेला, शहरातून मान वर केली की दिसणारी, एकटी, उंच, कुणाची ते नीटसं माहीत नसलेली इमारत. पाथर्डीकडे, मढीच्या यात्रेला, मायंबाला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या पायथ्यावरून जातो आणि वर बघून विचारतो: ते काय आहे? उत्तर देणाऱ्याच्या तोंडी जे नाव सगळ्यात आधी येतं ते देऊन टाकतो.

सलाबत खानाचं नाव त्यात टिकणं कठीणच होतं. तो वजीर होता, राजा नव्हता. त्याच्या कहाणीत तट फुटत नाही, तलवार घेऊन खिंडारात कुणी उभं राहत नाही. पाणी आणणाऱ्याची गोष्ट पाणी पिताना कुणी सांगत बसत नाही.

नगरमध्ये अशी नावं-गोष्टींची जुळणी इतरत्रही आहे, पण प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या तऱ्हेने झाली आहे. दमडी मशीद घ्या. ती साहिर खानाने १५६७ च्या सुमारास बांधली. गोष्ट अशी की किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एक एक दमडी काढून ती उभी केली. तिथे दंतकथेने सरदाराकडून वास्तू काढून मजुरांना दिली. बाग रौजाला निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा पुरलेला आहे, आणि तिथेच गुलाम अली हत्तीचं थडगं म्हणून एक वास्तू दाखवतात. तालिकोटला रामरायाला पकडणारा हत्ती तो. सुलतानापेक्षा हत्तीची गोष्ट पोरांना जास्त पाठ असते. शाह डोंगरावर मात्र दंतकथेने पूर्ण इमारतच दुसऱ्याच्या नावावर चढवली.

भुयाराची गोष्ट

किल्ल्यापासून महालापर्यंत भुयार आहे, हे नगरमध्ये शंभरातले नव्वद लोक सांगतील. बारा किलोमीटर काळ्या कातळातून, तेही वर चढत जाणारं भुयार कुणी खोदेल हे पटण्यासारखं नाही. पण ही गोष्ट उगाच आली असं मला वाटत नाही.

नगर शहराखाली खरंच काहीतरी आहे. निजामशाहीच्या वजिरांनी आसपासच्या उंच गावांमधून, कापूरवाडीकडून, भिंगारकडून, वडगावकडून, जमिनीखालून पाणी शहरात आणलं. लोक त्याला खापरी नळ म्हणतात. मातीच्या पक्क्या नळ्या एकात एक बसवलेल्या, काही ठिकाणी दगडचुन्याच्या बंदिस्त वाटा, मधे मधे पाण्याला श्वास घ्यायला उभे उच्छ्वास. जुन्या वस्तीत पाया खणताना हे नळ लागतात. मी लहान असताना आमच्या गल्लीत एका घराच्या पायात असा नळ निघाला होता. बांधकाम थांबलं, सगळी गल्ली जमली, एका म्हाताऱ्याने हात घालून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे भुयार किल्ल्याकडं जातंय." दुपारपर्यंत ते किल्ल्यापासून चांदबीबी महालापर्यंत पोचलं होतं.

हा माझा अंदाज आहे, पण मला तो पक्का वाटतो: शहराने पाण्याची जमिनीखालची वाट विसरली नाही, फक्त त्यातून पाण्याऐवजी राणी जाऊ लागली.

त्या पहाटेनंतर

भाचीला मी तिथेच चौथऱ्यावर बसून सगळं सांगितलं नाही. इतकंच सांगितलं की हे घर नाही, कबर आहे, आणि ती राणीची नाही, दुसऱ्या एका माणसाची आहे. ती जरा हिरमुसली. "मग चांदबीबी खोटी?" नाही, म्हटलं, चांदबीबी अगदी खरी. ती तिकडे, त्या किल्ल्यात लढली. तिला किल्ला कुठेय ते बोटाने दाखवलं. धुक्यात झाडांचा काळा पुंजका तेवढा दिसत होता. ती बराच वेळ तिकडे बघत होती.

यावरून मी स्वतःपुरतं एक ठरवलं. इमारतीचं लोकांच्या तोंडचं नाव बदलायला जाऊ नये. चारशे वर्षांनी कुणी चांदबीबीचं नाव घेतं, तर घेऊ द्यावं. ज्या शहराने तिला मारलं त्याने तिला आपला सगळ्यात उंच दगड दिला, यात मला खोटं काही दिसत नाही. पण वर गेल्यावर तळघरात उतरावं. पाहुणे आले, शाळेची सहल आली, की आधी राणीची गोष्ट सांगावी, सोन्याच्या नाण्यांसकट, आणि मग कबरीपाशी नेऊन विचारावं: ही कुणाची? मुलं स्वतःच विचारतात, आपण फक्त उत्तर देण्यासाठी तयार असावं. आता मी नेतो त्या प्रत्येकाला असंच नेतो. भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावं दिसतात, बाण मारलेले बदाम दिसतात, तेव्हा जीव तुटतो. इमारत कुणाची आहे हे कळलं तर कदाचित हात जरा थांबेल, असं मला वाटतं.

खाली उतरताना भाचीने विचारलं, त्या माणसाने आणखी काय बांधलं? म्हटलं, तलाव. किती लांब? म्हटलं, जवळच आहे. घरी तिची आई नाश्त्याला वाट बघत होती, तिला फोन करून उशीर होईल असं सांगितलं आणि गाडी भातोडीकडे वळवली. बांधावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पावसाळा बरा झाला होता, पाणी भरपूर होतं, पलीकडच्या काठावर म्हशी मानेपर्यंत पाण्यात बसल्या होत्या. भाचीने चप्पल काढून पाय पाण्यात सोडले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि शाह डोंगर कुठल्या दिशेला आहे ते मला विचारलं.